रसवंतीवरील बर्फ

बाजारच्या दिवशीं रसवंतीवर ऊंस आपलाच असतो. परंतु पेल्यांत त्याबरोबर बर्फ व बादलीचें पाणीही जातें. थंडीनें बहुतेक रोगजंतु मरत नाहींत, केवळ निजतात. बर्फ वितळतांच ते जागे होतात. सबब माल थंड ठेवण्यापुरता केलेला बर्फ ओळखूं यावा म्हणून त्यांत निळा रंग घालण्याचें अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१८ सालीं ठरविलें. पांढरा बर्फही मळक्या पोत्यांत गुंडाळून आणिल्यास त्याची शुद्धता कोठें राहिली? पेले तर दिवसभर एकाच बादलींत बुचकळतात. विक्रेत्यास हें कळत नाहीं असें नव्हे. पाणी त्यास दुरून आणावें लागतें. बाजारांत नळ द्यावा, असा अर्ज मीं तीनदां दिला आहे. तोंवर मी बर्फाविना रस घेतों, पेला समोर धुववून.