जेवणाच्या टेबलावरचा एक शब्द

येलहंक्यात राहणाऱ्याला विमानांचं अप्रूप राहत नाही. एक वर्षाआड फेब्रुवारीत हवाई दलाच्या तळावर ‘एरो इंडिया’ भरतं, तेव्हा मात्र आमच्या गच्च्या माणसांनी फुलतात. गोव्याचे पाहुणे असले तर हटकून १९६१चा विषय निघतो. १८ डिसेंबरला पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी कशी फोडली आणि साडेचारशे वर्षांचं पोर्तुगीज राज्य दोन दिवसांत कसं आटोपलं, हे सांगताना त्यांचे डोळे चमकतात. मला मात्र फेब्रुवारी म्हटलं की दाबोळी नाही, म्हापसा आठवतं. विमानं येण्याच्या जवळजवळ आठ वर्षं आधी तिथल्या एका सर्जनने भरल्या पंगतीत तोंड उघडलं होतं.

पुंडलिक गायतोंडे मूळचे काणकोणातल्या पाळोळ्याचे. डॉक्टरीचं पुढचं शिक्षण त्यांनी लिस्बनला घेतलं. अझोर्स बेटांवरच्या, पियानो वाजवणाऱ्या एडिलाशी १९४८मध्ये लग्न केलं आणि तिला घेऊन ते गोव्यात परतले. पोर्तुगीज अस्खलित, बायको पोर्तुगीज, हातात शस्त्रक्रियेचं कसब. अशा माणसाला साहेबांच्या मेजवानीचं आमंत्रण न आलं तरच नवल.

तेव्हाच्या गोव्यात ‘वसाहत’ हा शब्द कागदोपत्री उरलाच नव्हता. सालाझार सरकारने १९५१मध्ये घटना बदलली आणि गोवा हा पोर्तुगालचा ‘सागरापलीकडचा प्रांत’ झाला. वसाहतच नाही म्हटल्यावर स्वातंत्र्य कुणाला द्यायचं? १७ फेब्रुवारी १९५४च्या रात्री एका मेजवानीत भाषण करताना कुणीतरी ओघात म्हणून गेलं, की इथे पोर्तुगालच आहे. असल्या वाक्यांवर पेला उचलायचा आणि पुढच्या पदार्थाकडे वळायचं, असा रिवाज. गायतोंड्यांच्या तोंडून मात्र शब्द गेला, ‘प्रोतेश्तु’. माझा निषेध आहे.

ना सभा, ना झेंडा, ना घोषणा. पण डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ला मडगावात कायदा मोडला, तो बाहेरून आलेला माणूस होता, असं तरी सरकारला म्हणता येत होतं. (लोहिया उतरले होते तेही आसोळण्याच्या डॉ. जुलियांव मिनेझिसांकडेच. गोव्याच्या राजकारणात डॉक्टरांच्या घरांचा वाटा जुना आहे.) गायतोंडे घरचे होते. त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच टेबलावर बसून बोलले होते. सरकारला झोंबलं ते हे. त्यांना अटक झाली आणि थेट लिस्बनला रवानगी करून तुरुंगात टाकलं. त्याच वर्षी दादरा आणि नगर हवेली सुटली, गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रही जमू लागले.

१९५५मध्ये सुटून गायतोंडे भारतात आले, पण गोव्याची दारं बंद होती. पुढची काही वर्षं दिल्लीत एकीकडे डॉक्टरी, दुसरीकडे नॅशनल काँग्रेस (गोवा)चं काम. एप्रिल १९६१मध्ये कासाब्लांकाला पोर्तुगीज वसाहतींतल्या स्वातंत्र्य चळवळींची परिषद भरली, तिथे अंगोला, गिनी, मोझांबिकच्या माणसांच्या बरोबरीने ते बसले. या मंडळींना एकमेकांशी बोलायची सोयीची भाषा होती ती मालकाचीच.

गंमत अशी, की त्याच भाषेतला आणखी एक डॉक्टर तेव्हा कुठच्या कुठे पोचला होता. मूत्ररोगतज्ज्ञ जुसेलिनो कुबिचेक जानेवारी १९५६मध्ये ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि ओसाड पठारावर ब्राझिलिया ही कोरी करकरीत राजधानी वसवून एप्रिल १९६०मध्ये त्यांनी तिचं उद्‌घाटनही उरकलं. ब्राझील स्वतः पोर्तुगालची वसाहत होती. गोव्याच्या प्रश्नात मात्र कुबिचेकांचं सरकार पोर्तुगालच्या बाजूने उभं राहिलं. तिसरे अंगोलाचे डॉक्टर आगोस्तिन्यू नेतू. १९६०मध्ये त्यांना अटक झाली, आणि १९७५मध्ये ते स्वतंत्र अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. कुबिचेकांचे राजकीय हक्क तोवर, १९६४मध्येच, लष्कराने काढून घेतले होते.

गायतोंड्यांच्या वाट्याला काय आलं? मुक्तीनंतर १९६२मध्ये गोव्याचे नियुक्त खासदार म्हणून लोकसभेत एक खुर्ची. तीही वर्ष-दीड वर्षच. डिसेंबर १९६३मध्ये गोव्यात पहिली निवडणूक झाली आणि प्रश्नच बदलला. पोर्तुगाल की भारत, हा वाद मिटला होता. आता महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, यावर मतं पडत होती. एका बाजूला भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, दुसऱ्या बाजूला जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स. स्वातंत्र्य आणल्याच्या पुण्याईवर विसंबलेल्या काँग्रेसला गोव्याच्या भूमीत एकही जागा मिळाली नाही. तिची एकुलती एक जागा आली ती दमणमधून.

कुणी म्हणेल, गोव्याने डॉक्टरांना विसरलं. मला तसं वाटत नाही. निवडणुकीला जात, गाव, देऊळ, खाणी यांची गणितं लागतात. नको त्या वेळी खरं बोलून जाणं हा तिथला गुण नव्हे. गायतोंड्यांकडे नेमका तोच गुण होता. निदान करणाऱ्याने रोगाचं नाव घ्यावं, इतक्या सरळपणे त्यांनी एका वाक्याला नाव ठेवलं. पुढे ते इंग्लंडला गेले, पुन्हा डॉक्टरीत रमले आणि १९९२मध्ये लंडनला वारले.

१९८७ या एकाच वर्षी नवरा-बायको दोघांची पुस्तकं आली. त्यांचं ‘द लिबरेशन ऑफ गोवा’, तिचं ‘इन सर्च ऑफ टुमॉरो’. त्यांनी देशाची हकीकत सांगितली, तिने घराची. दोन्ही वाचायची तर माझा सल्ला एवढाच, की आधी तिचं वाचावं. त्या टेबलावर निषेध झाला तो तिच्या माहेरचा होता, आणि तरी त्यानंतर एडिलाबाई उभ्या राहिल्या त्या नवऱ्याच्या बाजूने.