सूर आपल्या वरातीत, नाव मात्र परकं

खामगाव, चिखली, मेहकर, कुठल्याही गावची वरात घ्या. बँडवाल्यानं ट्रम्पेटवर ‘शोला जो भडके’ धरलं की मांडवात बसलेले आजोबाही मान डोलावतात. जॅझ हा शब्द तिथं कुणी उच्चारत नाही, पण जॅझच वाजत असतो. बुलडाणा जिल्ह्यात तो सिनेमाच्या पडद्यावरून आणि रेडिओवरून आला, आणि आणणाऱ्या वादकांची नावं वाटेतच गळाली. दिवाळी अंकांत गायक-संगीतकारांची स्मरणं दरवर्षी निघतात. त्या वादकांसाठी यंदा ही पानं.

त्यांतलं पहिलं नाव चिक चॉकलेट. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म 1916 चा, गोव्यातल्या हळदोण्याचा. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि वाद्य धरायला शिकवत. ती विद्या घेऊन पोरं मुंबईला निघत. 1935 मध्ये लिऑन ॲबीनं आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड मुंबईच्या ताजमध्ये आणला, पुढं पियानोवादक टेडी वेदरफर्डही आला. गोव्याच्या पोरांनी त्यांच्याकडून जॅझ कानांनी उचलला. चिक तर अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगात इतका मुरला, की लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँगच म्हणू लागले.

मग मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतली रौनक ओसरली आणि अनेक वादकांना सिनेमाच्या स्टुडिओचा आधार वाटू लागला. तिथं त्यांनी जे केलं त्याची थोरवी आपण अजून नीट ओळखलेली नाही. संगीतकार चाल गाऊन दाखवी. ती कागदावर उतरवून व्हायोलिननं काय वाजवायचं, सॅक्सोफोननं कुठं शिरायचं, ट्रम्पेटनं कुठं गप्प बसायचं, हे प्रत्येकाला लिहून देणारा बहुधा गोवेकर असे. श्रेयनामावलीत त्याच्या वाट्याला फार तर ‘सहायक’ हा शब्द येई.

पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे अण्णा, आणि चिक यांची जोडी मला या साऱ्या इतिहासात सर्वांत लोभस वाटते. ‘समाधी’ (1950) आणि ‘अलबेला’ (1951) मधल्या गाण्यांत मराठी माणसाची चाल आणि गोवेकराचं ट्रम्पेट असे मिसळले आहेत, की वेगळे काढता येत नाहीत. ‘ईना मीना डीका’ तर 1957 च्या ‘आशा’तलं. त्यातले कोकणी ‘माका नाका’ हे बोल अण्णांचे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांनी सुचवले, असं सांगतात. 1952 मध्ये आकाशवाणीनं सिनेसंगीताला दार लावलं. तेव्हाचे नभोवाणी मंत्री केसकर यांचा तो निर्णय मला आजही पटत नाही. तरी रेडिओ सिलोनमुळं ही गाणी घरोघर पोचत राहिली.

चिक मे 1967 मध्ये गेला, पन्नाशी नुकतीच उलटली होती. जॅझच्या माहेरी, न्यू ऑर्लिन्सला, वादक गेला की त्याचे सोबती पितळी वाद्यं वाजवत त्याला पोचवायला जातात. आपल्याकडे तीच पितळी वाद्यं लग्नात वाजतात.

बाकीच्यांचं स्मरण तुकड्यातुकड्यांनी झालं. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’तल्या (1977) त्या गाजलेल्या गाण्यातून शिष्यानं गुरूचं नाव देशभर नेलं, तेव्हा स्वतः गुरू कधीच स्टुडिओ सोडून अमेरिकेला गेले होते. पुढं गावी परतले आणि जानेवारी 2012 मध्ये वारले. नाव सगळ्यांच्या तोंडी, माणूस अज्ञात! मडगावचे संगीतकार ख्रिस पेरी 2002 मध्ये गेले. त्यांची आणि गायिका लोर्नाची कोकणी गाणी बार्द्रॉय बार्रेटोंच्या ‘नाचोम-या कुंपासार’ या चित्रपटानं नव्या पिढीपुढं आणली. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी पुस्तकानं तर मुंबईच्या जॅझचा अख्खा काळच उभा केला. तसं पुस्तक मराठीत हवं, आणि त्यात अण्णांवर एक मोठं प्रकरण हवं.

चिकनं स्वतंत्रपणे संगीत दिलेला ‘नादान’ (1951) मिळवून ऐका. तलत महमूदचं ‘आ तेरी तस्वीर बना लूं’ त्यातलंच. आणि ‘अलबेला’ पुन्हा लागला तर ‘दीवाना परवाना’ या गाण्यात नायक भगवानदादांवरून क्षणभर नजर काढून मागच्या बँडकडे बघा. झालरीचे कपडे घालून ट्रम्पेट वाजवणारा तो चिक चॉकलेट. शेजारी बसलेल्या नातवंडांनाही त्याचं नाव सांगा.