इंजिनाची लपलेली झीज

अमळनेरच्या एखाद्या गॅरेजात जुनी ३५० सी.सी. बुलेट उघडली, तर तिचा ७० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आतून चकचकीत दिसेल. पण ही चकाकी फसवी असते. दट्ट्या वरच्या टोकाला क्षणभर थांबतो. तेथे उष्णता व दाब अधिक, वंगणाचा थर मात्र पातळ. म्हणून झीज तेथेच जास्त होते. ती मोजायची कशी? एकच रिंग आधी सिलिंडरच्या तळाशी, जेथे झीज नगण्य असते, व मग वरच्या भागात सरळ बसवा. दोन्ही वेळा तिच्या टोकांमधील फट मोजा. परीघ व्यासाच्या सुमारे ३.१४ पट असतो. फट ०.६३ मिलिमीटरने वाढली, तर व्यास ०.२ मिलिमीटरने वाढला! मग नुसत्या नव्या रिंगा पुरत नाहीत. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा दट्ट्या बसवावा लागतो.