अर्ध्या गुणांचा रविवार

रविवार, २९ ऑगस्ट २०२१. फॉर्म्युला वनची बेल्जियन ग्रां प्री, स्पा-फ्रँकोर्शां.

सकाळी आठ. शर्यत आपल्या घड्याळाने संध्याकाळी साडेसहाला, पण लीग चालवणारीचं काम सकाळच्या चहाबरोबरच सुरू होतं. आमची लीग कॉलेजपासूनच्या मित्रमैत्रिणींची. प्रत्येकाला शंभर कोटींचं लुटुपुटूचं भांडवल, त्यात पाच ड्रायव्हर आणि एक संघ घ्यायचा. पाचांतला एक कर्णधार, त्याचे गुण दुप्पट. किमती मी ठरवते. व्हर्स्टापन आणि हॅमिल्टन दोघंही घेतले, तर उरलेल्या रकमेत शेपटाकडच्याच गाड्या परवडाव्यात, इतक्या त्या चढ्या ठेवते. पैसे लावायचे नाहीत. हंगामाअखेरीस जो तळाला असेल, त्याने सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची.

संघांच्या याद्या शनिवारी क्वालिफायिंगच्या आधी बंद होतात, त्यामुळे रविवारी सकाळी कोणी कितीही गयावया केली तरी बदल नाही. आज गयावया करणारा इचलकरंजीचा. त्याने लँडो नॉरिसला कर्णधार केलं होतं. निवड चांगली होती, काल पहिल्या दोन्ही टप्प्यांत नॉरिसच सर्वांत वेगवान होता. तिसऱ्या टप्प्यात, भर पावसात, ओ रूजच्या चढणीवर त्याची गाडी भिंतीवर आदळली. दुसरीकडे जॉर्ज रसेलने विल्यम्सची गाडी व्हर्स्टापनच्या खालोखाल, अवघ्या ०.३२१ सेकंदाच्या अंतराने, दुसऱ्या क्रमांकावर आणली. रसेल माझ्या यादीत स्वस्तातला. ज्यांनी त्याला उरलेल्या पैशांत बसवला होता, ते रात्रभर झोपले नसतील.

सकाळी दहा. एफआयएची, म्हणजे शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संघटनेची, कागदपत्रं वाचायची वेळ. क्वालिफायिंगचा क्रम म्हणजे ग्रिड, शर्यत सुटतानाचा क्रम, नव्हे, हे नव्या माणसाला दर वेळी सांगावं लागतं. आधीच्या, हंगेरीतल्या शर्यतीतल्या टकरीबद्दल बोटास आणि स्ट्रोलला पाच-पाच क्रमांकांची शिक्षा आहे, नॉरिसचा गिअरबॉक्स बदलल्याने तोही मागे. त्यामुळे बाराव्या क्रमांकाचा लतिफी दहावा सुटणार. आम्ही ग्रिडपेक्षा वर आलेल्या प्रत्येक क्रमांकाला एक गुण देतो, म्हणून हा क्रम शीटमध्ये अचूक भरणं हे माझं रविवारचं सर्वांत महत्त्वाचं काम. दोनदा ताडून पाहते.

दुपारी जेवण, उद्याच्या गोकुळाष्टमीची थोडी तयारी, थोडी झोप.

संध्याकाळी साडेपाच. आमच्यातला एक आइंडहोव्हनला नोकरीला आहे, तो आज प्रत्यक्ष मैदानात. त्याने फोटो पाठवला. सगळीकडे व्हर्स्टापनचे नारिंगी टी-शर्ट, त्यावर पारदर्शक रेनकोट, मागे आर्देनचं जंगल ढगात बुडालेलं. खाली लिहिलं होतं, "बाई गं, इथे थांबत नाहीये."

शर्यत सुरू व्हायच्या आधीच पेरेझने ग्रिडकडे जाताना गाडी ठोकली. ग्रुपवर लगेच प्रश्न आला, याचे उणे दहा का? नाही. शर्यत सुरू करून सोडली तर उणे दहा, सुरूच केली नाही तर शून्य.

सहा पंचावन्न. गाड्या सेफ्टी कारच्या मागून निघाल्या. पाण्याच्या फवाऱ्यात पुढची गाडी दिसत नव्हती. दोन फेऱ्या आणि लाल झेंडा.

साडेसात ते पावणेदहा. लीगचा खरा कस अशा रिकाम्या तासांत लागतो. टीव्हीवर पाऊस, छत्र्या, गॅरेजमधली माणसं. आणि ग्रुपवर कुरकुर: "शर्यत सोडून द्या म्हणावं." "एवढ्या पावसाला घाबरतात?"

दुसऱ्या वाक्याला मी लगेच उत्तर दिलं. ३१ ऑगस्ट २०१९ ला याच सर्किटवर, याच ओ रूजनंतरच्या रेडियाँच्या वळणाजवळ, फॉर्म्युला टूच्या शर्यतीत आन्त्वान ह्युबेर गेला. अवघा बावीस वर्षांचा. याच शुक्रवारी तिथे महिलांच्या डब्ल्यू सीरिजच्या सहा गाड्या एकमेकींवर आदळल्या, आणि काल नॉरिस. आपण घरी बसून गुण मोजतो ते जिवंत माणसांच्या गाड्यांचे, आणि गाड्या उभ्या राहिल्याबद्दल आमच्या लीगमध्ये कोणी तक्रार करू नये असं मला मनापासून वाटतं. ग्रुप थोडा वेळ शांत झाला. आइंडहोव्हनकराने लिहिलं, "बरोबर आहे. पण इथे लोक गारठलेत."

तेवढ्यात पेरेझची गाडी दुरुस्त झाली आणि त्याला पिटलेनमधून सुटायची मुभा मिळाली. शर्यतीला तीन तासांची मर्यादा असते. तास उरला असताना अधिकाऱ्यांनी घड्याळच थांबवलं. म्हणजे काही तरी करून निकाल लावायचा आहे. मी नियमाचं पान उघडून बसले. आघाडीवरच्याने दोन फेऱ्यांहून अधिक पण तीन चतुर्थांशाहून कमी अंतर पुरं केलं, तर अर्धे गुण. त्या फेऱ्या सेफ्टी कारच्या मागे झालेल्या चालतात की नाही, याबद्दल तिथे एक अक्षर नव्हतं.

आमच्या लीगच्या नियमांत मात्र एक ओळ पहिल्या हंगामापासून आहे: एफआयएने गुण अर्धे केले, तर आपलेही सगळे अर्धे. २००९ ची मलेशियाची शर्यत माझ्या लक्षात होती. पाऊस आणि अंधार यांमुळे ती ५६ पैकी ३१ फेऱ्यांवर थांबली आणि जेन्सन बटनला अर्ध्या गुणांचा विजय मिळाला. असं पुन्हा होईल का, म्हणून तेव्हा सगळे हसले होते.

रात्री पावणेदहानंतर. सेफ्टी कार पुन्हा निघाली, काही फेऱ्या झाल्या, पुन्हा लाल झेंडा, आणि संपलं. कोणीही कोणाला मागे टाकलं नाही. व्हर्स्टापन साडेबारा गुण, रसेल नऊ, हॅमिल्टन साडेसात. विल्यम्सला २०१७ च्या बाकूनंतर पहिल्यांदा पोडियम मिळाला, तो असा. प्रेक्षकांना पैसे परत मिळायला हवेत, असं हॅमिल्टन म्हणाला. मला ते पूर्ण पटलं.

साडेदहा. अर्ध्या गुणांवर कोणी भांडलं नाही, कारण ओळ आधीच लिहिलेली होती. भांडण लागलं क्रमांकांवर. पेरेझ सातव्या जागेवरून गेला म्हणून ओकॉन, लक्लेर्क, लतिफी, साइन्झ सगळे एकेक क्रमांक वर सरकले. ठाण्याच्या मित्राकडे त्यांतले तिघं होते. इचलकरंजीकराकडे एकही नाही, आणि त्याचा कर्णधार पहिल्या दहाच्या बाहेर. "ओव्हरटेकच झाला नाही तर गुण कसले? आणि अर्ध्या अर्ध्या गुणाला अर्थ तरी काय?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. १९८४ ला मोनॅकोची शर्यत पावसात थांबली आणि विजेत्या प्रोस्टला नवाऐवजी साडेचारच गुण मिळाले. हंगामाअखेरीस लाउडा ७२, प्रोस्ट ७१.५. अर्ध्या गुणाने विश्वविजेतेपद गेलं. १९७५ ला बार्सिलोनाच्या मोंजुइकवर लेला लोम्बार्डी सहावी आली, तीही शर्यत मध्येच थांबलेली, तिलाही अर्धाच गुण. फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत गुण मिळवणारी ती एकमेव स्त्री आहे. तो अर्धा गुण मी कोणाला क्षुल्लक म्हणू देणार नाही.

पहिल्या प्रश्नाशी मी बराच वेळ झटले. त्याचं म्हणणं न्यायाचं होतं, हे मला मान्य आहे. पण आमचा नियम ग्रिड आणि निकाल यांतल्या फरकाचा आहे, ओव्हरटेकचा नाही. निकाल लागल्यावर नियम बदलला, तर पुढच्या वेळी ज्याचा आवाज मोठा त्याचा नियम होईल, आणि मग शीट कोण सांभाळतं याला काही अर्थ उरत नाही. म्हणून क्रमांकाचे गुण दिले, अर्धे करून. त्याला फोन केला, कारण अशी गोष्ट ग्रुपवर लिहून पटत नाही. "तुझी सूचना मतदानाला ठेवते, पण पुढच्या शर्यतीपासून." तो म्हणाला, "चालेल. पण लिहून ठेव." लिहिली.

पुढे एफआयएनेही तेच केलं. त्या रविवारचा निकाल तसाच राहिला, आणि २०२२ पासून नियम बदलला: सेफ्टी कारविना किमान दोन फेऱ्या झाल्याखेरीज कोणाला गुण नाहीत.

रात्री बारा. सर्वांत वेगवान फेरीचा गुण कोणालाच नाही, तो रकाना रिकामा. बेरजा पुन्हा तपासल्या, तक्ता ग्रुपवर टाकला. पहिली सांगलीची मैत्रीण, रसेलच्या जोरावर. ठाण्याचा दुसरा. खऱ्या तक्त्यात हॅमिल्टन २०२.५, व्हर्स्टापन १९९.५.

खाली सूचना लिहिली: पुढच्या रविवारी झँडव्होर्ट, १९८५ नंतर पहिल्यांदाच. रसेलची किंमत वाढवली आहे. मतदान गुरुवारपर्यंत. याद्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाच्या आत.

पहिली यादी पाच मिनिटांत आली, इचलकरंजीहून. कर्णधार नॉरिसच.