पाया खणण्याआधी दगड वाचणारे

वाळवा तालुक्यातील आष्टा परिसरात चैत्र-वैशाखात काळ्या रानांना रुंद भेगा पडतात. ऊस आणि हळद पिकविणारी हीच माती घर बांधणाऱ्याची मात्र परीक्षा पाहते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आक्रसते. पावसाळ्यात पाया उचलला जातो, उन्हाळ्यात खचतो आणि भिंतींना तिरक्या चिरा पडतात. बोल बहुधा गवंड्याला लागतो. दोष अनेकदा जमिनीचा असतो. तो आधीच हेरणे हे अभियांत्रिकी भूवैज्ञानिकाचे काम.

साध्या घरासाठी असा तज्ज्ञ सहसा कोणी बोलावत नाही. तेथे चाचणीचा खड्डा खणून मुरूम किती खोलीवर लागतो, एवढे पाहिले तरी बरेच साधते. मुरूम फारच खोल असेल, तर रूडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेली, तळाशी फुगवटा असलेल्या खांबांची पद्धत उपयोगी पडते. सुमारे साडेतीन मीटरखाली ओलाव्याचा चढउतार नगण्य असतो; खांबाचे बूड तेथे रोवले जाते.

धरण, बोगदा किंवा मोठा पूल असेल, तर मात्र मातीखालचा काळा पाषाण वाचावा लागतो. हा बेसाल्ट कठीण, म्हणून चिंता नाही, हा समज धोक्याचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर साचत गेला. दोन थरांमध्ये कोठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो, कोठे दगड सच्छिद्र असतो, तर कोठे उभ्या सांध्यांतून पाणी झिरपते. म्हणून विंधन यंत्राने दगडाचा दंडगोल गाभा काढतात. खोलीनुसार पेटीत रचलेला गाभा अखंड आहे की तुकड्यांचा, आणि मधला कोणता भाग हातीच लागला नाही, यावरून भूवैज्ञानिक अंदाज बांधतो. हरवलेला तुकडाच बहुधा अधिक सांगून जातो.

या खडकाविषयीच्या आत्मविश्वासाला मोठा तडा गेला तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. तोवर दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जात होते. कोयनेच्या भूकंपात सुमारे १८० जण मृत्युमुखी पडले. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. धरण मात्र उभे राहिले आणि पुढे ते मजबूत करण्यात आले. त्यानंतर धरणाची जागा तपासताना पाया वजन पेलेल का, एवढ्यावर भागेनासे झाले. पुढे याच परिसरात गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. तेथे बेसाल्ट सुमारे सव्वा किलोमीटरवर संपला आणि खाली ग्रॅनाइटी खडक लागला.

अर्थात हाच दगड नीट वाचला, तर साथही देतो. १३ मार्च १९९९ रोजी कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी जलाशय रिकामा न करता, तळाखालून आलेल्या बोगद्याच्या तोंडाशी राखलेला खडकाचा शेवटचा बुंधा स्फोटाने उडविण्यात आला. २०१२ मध्ये असाच दुसरा छेद घेण्यात आला. बुंधा वेळेआधी ढासळला असता, तर बोगद्यात पाणी घुसले असते.

एवढे असूनही या तज्ज्ञाला अनेकदा काम अडल्यावरच बोलावले जाते. निविदेपूर्वी पुरेशी छिद्रे घेतली नाहीत, की खोदकामात अनपेक्षित तांबडा थर लागतो आणि वाढीव खर्च कोणी सोसायचा, यावरून ठेकेदार व खाते यांच्यात पत्रव्यवहार सुरू होतो. पावसाळा तोवर तोंडावर आलेला असतो.