तिसऱ्या दशांश स्थळाचं सुवर्णपदक

"ताई, मशीन चार दशांश स्थळं दाखवतंय. चारही लिहायची ना?" लॅबमधल्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने परवा विचारलं. प्रश्न साधा वाटतो, पण 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात त्याचं उत्तर संपत नाही. म्हणून मी त्याला एका शर्यतीची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितेय.

१५ फेब्रुवारी २०१४. रशियातल्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांची १५०० मीटर स्पीड स्केटिंगची शर्यत होती. या खेळात सगळे एकदम धावत नाहीत. ४०० मीटरच्या बर्फाच्या ट्रॅकवर दोघा-दोघांच्या जोड्या उतरतात आणि शेवटी सगळ्यांच्या वेळा लावून क्रमांक ठरतात. पोलंडच्या झ्बिग्नेव्ह ब्रुत्काने १ मिनिट ४५.०० सेकंद वेळ दिली. हा माणूस पेशाने अग्निशमन दलातला. नंतर नेदरलँड्सचा कून व्हेरवाय उतरला. त्याचीही वेळ १ मिनिट ४५.०० सेकंद! मग हजारांश सेकंद पाहिले गेले: ब्रुत्का ४५.००६, व्हेरवाय ४५.००९. सुवर्ण पोलंडला, रौप्य नेदरलँड्सला.

फरक ०.००३ सेकंद. आता हे अंतरात बदलून बघा. १५०० मीटरला १०५ सेकंदांनी भागलं की सरासरी वेग येतो साधारण १४.३ मीटर प्रतिसेकंद. त्याला ०.००३ ने गुणा. उत्तर येतं सुमारे सव्वाचार सेंटीमीटर. दीड किलोमीटरमध्ये चार बोटांहूनही कमी!

याच शर्यतीचा जुना इतिहास बघितला तर अजून गंमत आहे. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचं सुवर्ण दोघांना विभागून मिळालं, सोव्हिएत संघाच्या येवगेनी ग्रिशिन आणि युरी मिखाइलोव्ह यांना. १९६० मध्ये पुन्हा तेच झालं. ग्रिशिन आणि नॉर्वेचा रोआल्ड ओस, दोघांची वेळ २ मिनिटं १०.४ सेकंद. तेव्हा वेळ दशांश सेकंदापर्यंतच नोंदवत. त्या वेगाने ०.१ सेकंदात स्केटर सव्वा मीटरच्या आसपास पुढे जातो. म्हणजे एक-दीड हाताचं अंतर असलेले दोघे कागदावर 'बरोबरीत' येऊ शकत होते. ते खरंच बरोबरीत होते का? माहीत नाही. मोजपट्टीला तेवढंच दिसत होतं. याला म्हणतात विभेदनक्षमता, म्हणजेच रिझोल्यूशन.

मग रिझोल्यूशन वाढवत नेलं की प्रश्न सुटतो का? इथेच पोहण्याचं उदाहरण कामाला येतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मेडलेत स्वीडनच्या गुन्नार लार्सनने अमेरिकेच्या टिम मॅक्कीला ०.००२ सेकंदाने हरवलं. अंतरात हा फरक जेमतेम ३ मिलिमीटर. पण ५० मीटरच्या तलावात ८ फेऱ्या असतात. दोन लेनच्या लांबीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी निकाल उलटू शकतो! घड्याळ अचूक होतं, पण तलाव तितका अचूक बांधता येत नाही. त्यानंतर पोहण्यात हजारांश सोडून शतांशावरच थांबायचं ठरलं. म्हणूनच २०१६ मध्ये रिओला १०० मीटर बटरफ्लायमध्ये फेल्प्स, ले क्लो आणि चेह या तिघांना ५१.१४ सेकंदांसाठी एकत्र रौप्य मिळालं.

एका खेळाने तिसरा आकडा ठेवला, दुसऱ्याने सोडला. चूक कोणाचीच नाही. "निकाल कसा लावायचा?" हा नियमाचा प्रश्न आहे, आणि सोचीत नियमाप्रमाणे ब्रुत्का निर्विवाद जिंकला. पण "दोघांत जास्त वेगवान कोण?" हा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि एका शर्यतीतल्या ०.००३ सेकंदावरून त्याचं उत्तर देता येत नाही. दोघे वेगवेगळ्या जोड्यांत धावले, मधल्या वेळात बर्फाचा पृष्ठभागही थोडा बदलतो. उद्या तीच शर्यत पुन्हा घेतली तर प्रत्येकाची वेळ यापेक्षा कितीतरी जास्त हलेल.

हा झाला कसाही हलणारा फरक. काही फरक मात्र एकाच दिशेने खेचतात. ५०० मीटरच्या शर्यतीत आतल्या लेनमधून सुरुवात करणाऱ्याला शेवटचं वळण बाहेरच्या, म्हणजे मोठ्या लेनमधून घ्यायला मिळतं. नॉर्वेचे संख्याशास्त्रज्ञ निल्स लिड योर्ट यांनी १९९४ मध्ये अनेक स्पर्धांचे निकाल तपासून दाखवलं की आतून सुरुवात करणाऱ्याला सरासरी ०.०५ सेकंदाच्या आसपास फायदा होतो. १९९८ ते २०१४ या ऑलिंपिकमध्ये ५०० मीटर दोनदा धावायला लावत, एकदा आतून आणि एकदा बाहेरून. २०१८ पासून पुन्हा एकदाच. असा एकतर्फी कल कितीही दशांश स्थळं वाढवली तरी जात नाही. त्यासाठी प्रयोगाची रचनाच बदलावी लागते.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी मी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर दोन नमुने मोजले. एकाचं रीडिंग ०.४१२, दुसऱ्याचं ०.४१८. मी उत्साहात 'वाढ दिसते' असं लिहून गाईडकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "पहिलाच नमुना परत ठेवलास तर किती येतं?" मी दहा वेळा ठेवला. रीडिंग ०.४०५ पासून ०.४२१ पर्यंत फिरत राहिलं. माझा 'शोध' त्यातच बुडाला. वाईट वाटलं, पण तो परिच्छेद प्रबंधात गेला असता तर जास्त महागात पडलं असतं.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी सांगितलं: वहीत मशीन दाखवतंय ते सगळं लिही, कच्चा डेटा कापायचा नाही. पण निष्कर्ष काढण्याआधी तीन प्रश्न विचार. तोच नमुना पुन्हा मोजला तर आकडा किती हलतो? सगळ्या नमुन्यांना 'आतली' आणि 'बाहेरची' लेन सारखीच मिळाली का, की एक गट नेहमी सकाळी आणि दुसरा संध्याकाळी मोजला गेला? आणि मला फक्त क्रम लावायचाय, की त्यामागे खरा फरक आहे असा दावा करायचाय?

पदक द्यायचं असेल तर तिसरं दशांश स्थळ पुरतं. आपल्याला पदक द्यायचं नसतं. त्यामुळे तोच नमुना पुन्हा ठेवायचा कंटाळा करू नका.