नळीला मानवणारी गोळी

रायफल चालवणाऱ्याला आपण नेमबाज म्हणतो आणि सगळं श्रेय नजरेला नि हाताला देऊन मोकळे होतो. त्या श्रेयात आणखी एक वाटेकरी असतो, रायफलची नळी. खरं तर 'रायफल' हे नावच नळीवरून पडलं. नळीच्या आतल्या अंगाला पेचासारख्या फिरत जाणाऱ्या खाचा पाडतात, त्या कामाला रायफलिंग म्हणतात. गोळी त्या खाचांत घट्ट बसून गरगरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी तोल सांभाळते. नेमबाजीच्या 'पॉइंट टू-टू' रायफलीत १६ इंचांत एक फेरा असतो. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे सव्वातीनशे मीटर धरला, तर ती सेकंदाला आठशे गिरक्या या गतीने फिरते.

या खाचांनी आपला इतिहासही हलवला. १८५७ साली शिपायांना देऊ केलेली एनफिल्ड रायफल अशीच पेचदार नळीची होती. तोंडाकडून भरायची गोळी नळीत सहज उतरावी म्हणून काडतुसाला वंगण लावत. ती चरबी गायीची की डुकराची, यावरून काय घडलं ते आपण जाणतोच. शाळेत चरबी शिकवतात, नळीचं कोणी सांगत नाही.

मी कविता लिहिणारा बी.ए. माणूस. या भानगडीत पडलो तो पुतणीमुळे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठलेल्या सुमा शिरूर यांनी पनवेलला प्रशिक्षण सुरू केलं, कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली, आणि नव्या मुंबईतल्या साध्या घरांतल्या मुलींनाही हा खेळ आपला वाटू लागला. पुतणी ५० मीटरवर तीन स्थितींत नेम धरते. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्यानं. स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्य मिळवलं, तो हाच प्रकार. तिची रायफल जुनी, परवान्यावर रीतसर घेतलेली. राज्य स्पर्धा तोंडावर आली आणि गोळ्या विखरू लागल्या.

माझा धाकटा भाऊ तळोजा एमआयडीसीत लेथवर काम करतो. तो म्हणाला, "नळीच बदलू. बसवायचं काम माझं."

"अब्बा, आत जाल," पुतणी म्हणाली.

ती बरोबर बोलली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचा सुटा भागही बंदुकीतच धरला आहे. परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, दुरुस्त करणं हा गुन्हा. नळी नुसती आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो. हाताशी लेथ आहे, मायक्रॉनची समज आहे, म्हणून चालत नाही. परवानाधारक कारागीरच हवा. भावाला हे लागलं. तीस वर्षं लोखंडाशी बोलणाऱ्या माणसाला लागणारच. पण ही बंदी मला योग्य वाटते.

मग नवी नळी घ्यायचीच तर कशी, याची आमच्या घरी पंधरा दिवस चर्चा चालली. भावाचा कल लांब नळीकडे. परंतु पॉइंट टू-टूच्या काडतुसात दारू एवढीशी, की साधारण १६ ते २० इंचांत तिचा जोर सरतो. पुढची लांबी वेग देत नाही, उलट गोळी नळीत असेपर्यंतचा क्षण लांबवते, आणि त्या क्षणात हात हलला तर गोळीही हलते. लांबीचा फायदा एकच, मागची नि पुढची साइट यांत अंतर पडतं. म्हणून हल्ली आखूड नळीला पुढे पोकळ नळकांडं जोडून साइट त्यावर बसवतात. जाड नळी कमी थरथरते, पण उभ्यानं नेम धरणाऱ्या मुलीच्या खांद्याला ती पेलली पाहिजे. स्पर्धेत रायफलीच्या वजनाला ८ किलोची मर्यादाही आहे. पोलाद साधं की स्टेनलेस? खाडीकाठच्या हवेत स्टेनलेस बरं, तेही अगदी न गंजणारं नव्हे. शिवाय या काडतुसाची शिशाची गोळी मऊ. तिने नळी झिजायला फार वर्षं लागतात.

इथे पुतणीच्या प्रशिक्षकांनी अडवलं. नळी इतक्यात झिजत नाही, तर दोष तिचाच कशावरून? त्यांनी कारागिराकडून नळीचं तोंड तपासून घेतलं. गोळी शेवटी जिथून सुटते तिथे बारीक टवका असला तरी नेम जातो. तोंड शाबूत निघालं. मग रायफल शिकंज्यात आवळून, माणसाचा हात मधून काढून, एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसांचे तीन लॉट झाडले. प्रत्येकी दहा गोळ्या.

हिशेब सोपा आहे. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ ची. कड शिवली तरी दहा मिळतात, म्हणून भोकांच्या मध्यांमध्ये जास्तीत जास्त १६ मिलिमीटरचं अंतर चालतं. पहिल्या लॉटचा पुंजका २१ चा आला, दुसऱ्याचा १९ चा, तिसऱ्याचा १३ चा. नळी तीच, डब्यावरचं नाव तेच, फरक फक्त लॉटच्या क्रमांकात. वंगण, दारू, शिसं यांतला किंचितसा फरक एका नळीला मानवतो, दुसरीला नाही. युरोपातल्या काडतूस कंपन्यांकडे म्हणूनच चाचणीचे बंदिस्त बोगदे असतात. मोठे नेमबाज आपली रायफल तिथे नेतात आणि तिला रुचलेला लॉट घेऊन येतात.

नव्या नळीचा विषय स्पर्धेनंतर काढायचा ठरला. त्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून परवान्यावर बसतील तेवढे तिसऱ्या लॉटचे डबे भावानं घेतले. प्रत्येक डब्यावरचा क्रमांक त्यानं चष्मा लावून दोनदा वाचला.